105 किलो आणि उजवा गुडघा

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो. माझे वजन 78 किलो आहे आणि नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करण्याची आहे. तीन वर्षांपासून जिमला जातो. मे महिन्यात आमच्या जिमच्या पत्र्याखाली उभे राहणेही अशक्य झाल्याने पाच आठवडे खंड पडला. जूनच्या शेवटी पुन्हा सुरुवात केली आणि ऑगस्टपर्यंत स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठण्याचा व्यायाम, 90 किलोवरून 105 किलोवर नेला. तेव्हापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, अगदी एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखते. पहिल्या सेटला, म्हणजे पहिल्या फेरीला, दुखते, तिसऱ्या सेटपर्यंत दुखणे जवळजवळ जाते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा जाणवते. सूज नाही, गुडघा अडकत नाही. कटकट आवाज मात्र येतो. कॉलेजात असताना याच पायाच्या घोट्याला प्लास्टर होते. ट्रेनर सांगतात की गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही आणि अर्ध्यावरूनच उठायचे. मित्र म्हणतो, नी रॅप (गुडघ्याला गुंडाळायचा पट्टा) घट्ट बांध, काही होत नाही. आई म्हणते, हे सगळे बंदच कर; माझ्या मोठ्या मावशीचे दोन्ही गुडघे बदलावे लागले आहेत. जानेवारीच्या मध्यावर जिममधल्या मित्रांची आपसांत स्पर्धा आहे आणि मला 140 किलो मारायचे आहेत. वहीची पाने आणि दोन व्हिडिओ सोबत पाठवत आहे. कोणाचे ऐकू?

उत्तर : व्हिडिओंसोबत वहीची पाने पाठवलीत, हे फार बरे केलेत. गुडघा दुखतो म्हणून विचारायला येणारी बहुतेक मंडळी दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात, ट्रेनरची तक्रार करतात, पण गेल्या दोन महिन्यांत किती वजन, किती सेट, आठवड्यातून किती वेळा असे विचारले की ‘नेहमीचंच’ एवढेच उत्तर देतात. तुमच्या वहीत सगळे स्वच्छ लिहिलेले आहे, म्हणून व्हिडिओ बाजूला ठेवून मी आधी वहीच वाचली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदाच स्क्वॉट केला आहे : 90 किलो, चार सेट, प्रत्येकी पाच रेप्स, म्हणजे पाच उठबशा. गुणाकार केला तर आठवड्याचे 1800 किलो होतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात 105 किलोचे पाच सेट, प्रत्येकी पाच रेप्स, आणि तेही मंगळवारी व शुक्रवारी असे दोनदा. म्हणजे 5250 किलो. बारवरचे वजन 15 किलोंनीच वाढलेले असल्यामुळे तुम्हाला ते बेताचे वाटले असणार, परंतु आठ आठवड्यांत गुडघ्याच्या वाट्याला आलेले काम जवळजवळ तिप्पट झाले आहे. त्यातच जुलैच्या दुसऱ्या पानावर समासात ‘लंजेस’ (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा व्यायाम) असे लिहिलेले आहे आणि रविवारच्या रकान्यात ‘सेमिनरी हिल्स, 6 किमी धावणे’ ही नोंद सुरू झाली आहे. चढावर धावल्याने दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर असते, आणि टेकडीवर गेलेला माणूस खाली येतोच. तुमच्या दुखण्याचे मूळ मला या पानांत दिसते. गुडघा बोटांपुढे जातो की नाही, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध आहे.

आता दुखते काय, ते पाहू. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही, परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे एका विशिष्ट दिशेला बोट दाखवतात. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत एक जाड, पट्ट्यासारखी कंडरा जाते, जिला जिममध्ये टेंडन म्हणतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा सगळा जोर तिच्यातूनच नडगीपर्यंत पोहोचतो. तिचे दुखणे असेच असते : जागा एका बोटाने दाखवता येते, व्यायामाच्या सुरुवातीला दुखते, अंग तापले की कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. दुखणे वाटीच्या मागचे असेल, तर माणूस सहसा एक बोट ठेवत नाही. तळहात वाटीवर गोल फिरवून ‘इथेच कुठेतरी’ असे सांगतो आणि नाटक पाहताना दोन-अडीच तास गुडघे दुमडून बसल्यावर उठताना कण्हतो. गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला, उचलताना काहीतरी तुटल्यासारखे वाटले, रात्री झोपेतून उठवण्याइतके दुखले किंवा सांधा लाल व गरम होऊन ताप आला, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. यातले काही नसले तरी जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतल्याने तोटा होणार नाही. कटकट आवाजाची काळजी मात्र सोडून द्या. दुखल्याशिवाय येणारा आवाज पुष्कळ गुडघ्यांत असतो आणि तो झीज झाल्याचा पुरावा नव्हे.

एमआरआय करून घ्यायची घाई करू नका, हेही इथेच सांगतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासात, पन्नाशी ओलांडलेल्या आणि एक्स-रेवर सांध्याची झीज न दिसणाऱ्या 710 जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय केला, तेव्हा 89 टक्के जणांत काही ना काही दोष दिसला, आणि ज्यांचे गुडघे अजिबात दुखत नव्हते त्यांच्यातही हे प्रमाण फारसे कमी नव्हते. तुमचे वय कमी आहे हे खरे, परंतु अहवालात छापून आलेला एखादा शब्द माणसाला दुखण्यापेक्षा जास्त घाबरवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

स्नायू आणि कंडरा यांची वाढ एकाच वेगाने होत नाही, हे हा व्यायाम करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावे. खंडानंतर पुन्हा सुरुवात केली की स्नायूंची ताकद काही आठवड्यांतच परत येते, कारण ती वाट त्यांच्या ओळखीची असते; कंडरेत रक्तपुरवठा कमी, तिच्यातले बदल सावकाश होतात आणि त्यांना महिने लागतात. त्यामुळे जुलैत मांड्या ‘अजून पाच किलो टाक’ म्हणत होत्या आणि कंडरेला काही म्हणायची सोयच नव्हती. मे महिन्याच्या उन्हाने पाच आठवडे खंड पडला, यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेला की पत्र्याच्या शेडमधली जिम चालवणाऱ्यालाही दुपारी दार लावून घ्यावेसे वाटते. परंतु खंड जेवढा असेल, निदान तेवढाच काळ जुन्या वजनापर्यंत परत जायला द्यावा आणि त्या काळात नवा व्यायाम जोडू नये. तुम्ही एकाच वेळी वजन, सेट, दिवस, लंजेस आणि टेकडी अशा पाच गोष्टी वाढवल्या.

तुमच्या ट्रेनरांचा हेतू चांगला आहे आणि तुमच्यावर त्यांचे लक्ष आहे, म्हणून त्यांच्याशी वाद न घालता माझे म्हणणे त्यांना दाखवावे. गुडघा बोटांपुढे जाऊ देऊ नये, हा नियम आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये पाठ करून घेतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात पुरुषांना दोन प्रकारे स्क्वॉट करायला लावले. एकदा मोकळेपणाने आणि एकदा गुडघ्यांसमोर फळी लावून, म्हणजे गुडघे बोटांपुढे जाऊच शकणार नाहीत असे. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, साधारण 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर आला; पण खुब्याच्या सांध्यावरचा तोच जोर 28 वरून 303 वर गेला. म्हणजे गुडघ्याला जी थोडी उसंत मिळाली, तिची किंमत खुबा आणि कंबर यांनी दहापटींहून जास्त मोजली, कारण गुडघा मागे रोखला की धड पुढे झुकतेच. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा बोटांपुढे गेल्याशिवाय त्याला खोल बसताच येत नाही. त्याला या नियमात कोंबले की तो एकतर मागे पडतो किंवा कमरेतून वाकून नमस्कार घातल्यासारखे वजन उचलतो.

आपल्या आखाड्यांतली बैठक आठवून पाहा. पैलवान बैठक मारतो तेव्हा टाचा उचललेल्या असतात, गुडघे बोटांच्या कितीतरी पुढे जातात, पार्श्वभाग टाचांना टेकतो, आणि हे तो शेकड्यांनी करतो. बोटांपुढे गेलेला गुडघा मोडतो असे असते, तर कुस्ती करणारी एकही पिढी उभी राहिली नसती. मात्र बैठकेत वजन स्वतःच्या शरीराचेच असते, मूल तालमीत आल्यावर त्याला पहिल्या दिवशी शंभर बैठका कोणी सांगत नाही, आणि पन्नासाच्या साठ व साठाच्या सत्तर व्हायला दिवस जातात. वस्तादांनी कंडरा हा शब्द वापरला नसेल, पण हिशेब त्यांना कळत होता. यावरून 105 किलो घेऊन टाचा उचलून बसा, असा अर्थ कोणी काढू नये.

अर्ध्यावरून उठण्याचा सल्लाही जुनाच आहे. टेक्सास विद्यापीठाचे कार्ल क्लाइन यांनी 1961 साली असे मांडले की खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात, आणि ती धास्ती जगभर पसरली; पुढच्या संशोधकांना मात्र त्यांचा निष्कर्ष पडताळता आला नाही. वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधला दाब गुडघा जसा वाकत जातो तसा वाढतो आणि साधारण 90 अंशांच्या आसपास तो सर्वाधिक असतो. त्याहून खाली गेल्यावर वाटीवरची कंडरा मांडीच्या हाडावर टेकते, पोटरी मांडीला लागते आणि भार विभागला जातो. अर्ध्यावरून उठणारा माणूस त्या अवघड कोनापाशीच दिशा बदलतो, आणि अर्ध्यावरून जास्त वजन उठते म्हणून हौसेने आणखी प्लेट लावतो. तुमच्या दुसऱ्या व्हिडिओत नेमके हेच दिसते : 110 किलो आणि बसणे निम्मे. सध्या खाली गेल्यावर दुखत असेल, तर काही दिवस बाक ठेवून त्यावर टेकून उठायला हरकत नाही, पण ती सोय खोली कमी करण्यासाठी असावी, वजन वाढवण्यासाठी नव्हे.

मित्राच्या रॅपबद्दल थोडे अनुभवातून लिहितो. तिशीत असताना एका स्पर्धेच्या नादात मीही दुखणाऱ्या गुडघ्याला रॅप आवळून दोन महिने काढले. रॅप म्हणजे ताणला जाणारा लांब पट्टा; खाली बसताना तो ताणतो, वर येताना परत ओढतो, त्यामुळे वजन खरोखरच जास्त उठते आणि माणूस खूश होतो. पण तो वाटीला मांडीच्या हाडावर दाबून धरतो, आणि मुख्य म्हणजे दुखण्याचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. स्पर्धा झाली, रॅप सुटले आणि पुढचे नऊ महिने मला वजनाशिवायही उकिडवे बसता येत नव्हते. दोष रॅपचा नव्हता, माझा होता. नी स्लीव्ह ही वेगळी वस्तू आहे. निओप्रिनची ती बाही गुडघा उबदार ठेवते आणि सांध्याची जाणीव थोडी वाढवते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ आपल्या क्लासिक प्रकारात रॅप चालू देत नाही, पण 7 मिलिमीटरपर्यंत जाडीची आणि 30 सेंटिमीटरपर्यंत लांबीची स्लीव्ह चालू देतो, यावरूनच दोन्हींतला फरक कळावा. डिसेंबरच्या पहाटेसाठी स्लीव्ह अवश्य घ्या. औषधाच्या दुकानातले क्रेप बँडेज गुंडाळून वजन उचलण्यात मात्र कसलाच फायदा नाही.

आईंना काय सांगावे, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत अवघड वाटलेला भाग आहे, कारण त्यांची भीती पोकळ नाही. सांध्याची झीज वाढत्या वयाने होते, जास्त वजनाने होते, जुन्या दुखापतीने होते, घराण्यातूनही येते. आणि वर्षानुवर्षे तासन् तास उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून ओझ्याचे काम करणाऱ्यांत ती अधिक आढळते. आपल्याकडे शेतात निंदण करणाऱ्या बायकांकडे पाहिले की हे पुस्तकात शोधावे लागत नाही. परंतु तुमचा स्क्वॉट त्या जातीचा भार नव्हे. 25 रेप्स, प्रत्येकी चार सेकंद धरले तर एका दिवशी बारखाली तुम्ही जेमतेम 100 सेकंद वाकलेले असता, आणि त्यानंतर गुडघ्याला दोन-तीन दिवस विश्रांती असते. मांडीचे स्नायू सबळ असणे गुडघ्याच्या फायद्याचेच आहे. म्हणूनच सांध्याची झीज झालेल्या रुग्णांनाही डॉक्टर मांडीचे व्यायाम देतात, आणि गुडघा बदलल्यावर तुमच्या मावशींनाही खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करायला सांगितला असेल. तो स्क्वॉटच आहे, असे आईंना सांगून पाहा. तेल चोळून देत असतील तर चोळू द्यावे, त्याने नुकसान नाही. मात्र गुडघा ओढून ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाऊ नये.

आता व्हिडिओ. पहिल्या व्हिडिओतले 105 किलोचे पाच रेप्स मी वेग कमी करून सात-आठ वेळा पाहिले. पहिले तीन चांगले आहेत. चौथ्या रेपला तुम्ही जवळजवळ पडल्यासारखे खाली जाता, एका सेकंदाहून कमी वेळात, आणि तळाशी उसळी घेता. तेव्हाच उजवी टाच फार तर बोटभर उचलली जाते आणि उजवा गुडघा आत, डाव्या पायाकडे वळतो. गुडघा थोडासा आत येणे हा काही गुन्हा नव्हे, मोठमोठ्या वजनपटूंचेही येतात, परंतु तुमचा एकच गुडघा येतो, नेमका दुखणाराच, आणि त्याच क्षणी टाच उठते, तेव्हा मला घोट्याचा संशय येतो. प्लास्टर निघाल्यावर घोट्याचा व्यायाम बहुधा कोणी सांगितला नसेल. मग घोटा पुरता दुमडत नाही, गुडघ्याला पुढे जायला वाट मिळत नाही, म्हणून तो आत वळून वाट काढतो.

हे घरीच मोजता येते. अनवाणी, भिंतीसमोर एक गुडघा जमिनीवर टेकवून बसावे, दुसऱ्या पायाचा तळवा पूर्ण जमिनीवर ठेवावा आणि टाच न उचलता त्याच पायाचा गुडघा भिंतीला लावावा. पाय हळूहळू मागे सरकवत, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो ते शेवटचे अंतर, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत, पट्टीने मोजावे. दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर स्क्वॉटसाठी पुरेसे आहे. पण आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा. उजवीकडे तो दोन-तीन सेंटिमीटरने कमी निघाला, तर हीच हालचाल रोज सकाळी व रात्री पंधरा-पंधरा वेळा करावी आणि शेवटच्या वेळी अर्धा मिनिट तसेच थांबावे.

व्यायाम बंद करू नये. कंडरा पूर्ण विश्रांतीने शांत होते, पण बळकट होत नाही, आणि दोन महिन्यांनी परत सुरू केल्यावर तिथेच दुखते. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच दुखण्याच्या 39 पुरुषांपैकी एका गटाला 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड वजनाचा पण अतिशय सावकाश व्यायाम दिला होता, ज्यात स्क्वॉटही होता. दुसऱ्या एका गटाला कंडरेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले होते. बाराव्या आठवड्यात दोन्ही गट सुधारलेले होते, पण सहा महिन्यांनी इंजेक्शनवाल्यांची सुधारणा ओसरली आणि व्यायामवाल्यांची टिकली. कोणी इंजेक्शन सुचवले तर डॉक्टरांना हे जरूर विचारावे. दुखण्यावरची गोळी घेऊन जिमला जाणे हे तर माझ्या रॅपसारखेच झाले.

तुमच्यासाठी मी असे सुचवतो. लंजेस आणि टेकडी सध्या पूर्ण थांबवावी. धावण्याऐवजी अंबाझरीला सपाट रस्त्यावर झपझप चालावे. मंगळवार व शुक्रवार हे दिवस तसेच ठेवून 65 किलोने, आठ रेप्सचे तीन सेट करावेत, तीन सेकंद खाली, क्षणभर थांबून तीन सेकंद वर. आठवड्याचे 3120 किलो होतात, म्हणजे ऑगस्टच्या साधारण साठ टक्के, आणि वेग सावकाश असल्यामुळे 65 किलोही तुम्हाला वाटते तितके हलके लागणार नाही. पाय खांद्यांइतके किंवा किंचित जास्त रुंद, चवडे 15 ते 30 अंश बाहेर, आणि गुडघ्याची दिशा चवड्याच्याच दिशेने असावी. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच हे तिन्ही बिंदू जमिनीला चिकटलेले आहेत ना, एवढेच मनात ठेवावे. एका वेळी दहा सूचना आठवत वजन उचलणाऱ्याचे कशातच लक्ष राहत नाही. ज्या दिवशी स्क्वॉट नाही, त्या दिवसांपैकी दोन दिवस लेग एक्स्टेन्शनच्या, म्हणजे बसून नडगीने वजन पुढे उचलण्याच्या, यंत्रावर गुडघा साधारण 60 अंश वाकवून, न हलवता, 45 सेकंद जोर धरावा. असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. याने काहींना लगेच आराम पडतो, काहींना फरक जाणवत नाही. दोन आठवड्यांत काही वाटले नाही तर सोडून द्या.

वजन कधी वाढवायचे, हे जिममध्ये ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या जिन्यावर ठरवा. त्याच पायऱ्या, तीच वेळ, आणि उतरताना दुखणे शून्य ते दहापैकी किती, तो आकडा वहीत लिहा. तीन किंवा कमी असेल आणि आधीच्या आठवड्यापेक्षा वाढलेला नसेल, तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवा. चार-पाच असेल तर तेच वजन ठेवा. त्याहून जास्त असेल तर एक पाऊल मागे जा. व्यायाम करताना थोडे दुखले म्हणून घाबरू नये. कंडरेच्या बाबतीत थोडे दुखणे चालते, दुसऱ्या दिवशी वाढलेले दुखणे चालत नाही.

बुटांविषयी तुम्ही विचारले नाही, पण व्हिडिओत पायात धावण्याचे फुगीर तळाचे बूट दिसतात. गादीवर उभे राहून कोणी पोते उचलत नाही. सपाट, कडक तळाचे साधे कॅनव्हासचे बूट पुरतील. वजन उचलण्याचे खास बूट मिळतात, त्यांची टाच सुमारे दोन सेंटिमीटर उंच असते आणि आखडलेल्या घोट्याला त्याने मदत होते. मात्र त्याने गुडघा आणखी पुढे जातो आणि दुखऱ्या कंडरेवरचा भार वाढतो, म्हणून ते आत्ता नकोत, सकाळचा आकडा शून्य-एकवर स्थिरावल्यावर पाहू. टाचेखाली अडीच किलोच्या प्लेट सरकवणे तर कधीच नको. एक प्लेट निसटली की घोटा पुन्हा प्लास्टरमध्ये.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमच्या वहीत बारचे वजन सरसकट 20 किलो धरलेले आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जिमचे बार तेवढे भरत नाहीत. एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा, म्हणजे वहीतले आकडे खरे होतील. थंडी सुरू झाली की नागपुरात पहाटे पारा दहा अंशांखालीही उतरतो, तेव्हा साडेपाचला थेट बारखाली जाऊ नये. दहा मिनिटे सायकल, मग रिकामा बार, मग 40, मग 55, आणि तेव्हा कुठे त्या दिवसाचे वजन. दोरीवरच्या उड्या मारून अंग तापवायची सवय असेल तर ती तूर्त सोडा. उड्यांचा सगळा मार त्याच कंडरेवर पडतो.

राहता राहिली जानेवारीतली स्पर्धा. 65 पासून आठवड्याला अडीच किलो, एकही आठवडा वाया न जाता वाढवले, तरी जानेवारीच्या मध्यावर तुम्ही 90 किलोंच्या थोडे पुढे असाल, आणि ते वजन पूर्ण खोलीने, टाच न उचलता आले तर मी त्याला ऑगस्टच्या 105 हून मोठे मानीन. 140 या वर्षी नाही; मित्रांना आजच सांगून टाका, म्हणजे डिसेंबरमध्ये कोणाच्या चिडवण्यावरून प्लेट चढणार नाही. स्पर्धेला जावेसे वाटले तर बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलण्याच्या प्रकारात, उतरा, त्याला गुडघ्याची हरकत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस वहीची पुढची पाने पाठवा. पहिल्या ओळीत दोन्ही घोट्यांचे सेंटिमीटर लिहा, आणि व्हिडिओ या वेळी समोरून नव्हे, उजव्या बाजूने घ्या, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवून.